निळ्या दुपट्याचा ठसा

करंजवण्यात लोक दिवे फोडायला उठले तेव्हा पहिला दगड दवाखान्यावर पडलाच नाही. तो रूपाली दळवीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आला आणि थेट आमटीच्या पातेल्यात पडला. रूपालीने गॅस बंद केला, पळीने दगड बाहेर काढला, फुटक्या काचेतून डोकं बाहेर काढलं आणि खाली उभ्या असलेल्या टोळक्याला विचारलं, "आमटी सांडली की रे मेल्यांनो. आता जेवायला कुणाकडं जाऊ, तुमच्या आयांकडं?"

खाली कुणी हसलं नाही. करंजवण्यात हसण्याचे दिवस संपले होते.

दगड तिच्याच घरावर का, हे गावात कुणालाही विचारावं. ओवी, तिची एकुलती एक लेक, जन्मली आणि तिसऱ्या दिवशी पिवळी पडली. नवजात बाळांची ही कावीळ काही नवी नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी जुन्या होऊन मोडतात, त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य निघतं. बाळ पोटात असेपर्यंत ते निस्तरायचं काम आईचं यकृत करतं. बाहेर आल्यावर ते काम बाळाच्या कोवळ्या यकृतावर पडतं आणि नव्या सुनेसारखं ते पहिले काही दिवस गोंधळतं. निळा उजेड कातडीतून आत शिरतो, त्या द्रव्याचा रेणू पिळून त्याचा आकार बदलतो, मग ते पाण्यात विरघळतं आणि शी-शूतून बाहेर पडतं. ओवीच्या वेळी नुकतीच घरी न्यायची निळी दुपटी निघाली होती. मऊ कापड, आत काचेचे बारीक धागे, बाळाला गुंडाळलं की सगळं दुपटं निळं उजळायचं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन दिवस. रूपालीने ठेवलं आठवडाभर.

कारण दोन दिवसांत कावीळ उतरली आणि पोर उजळ दिसायला लागली. पिवळी भिंत पुसली की पांढरी दिसणारच. पण रूपालीला वाटलं दिवाच चुना मारतोय. मग म्हटलं, घेऊ या अजून एक हात.

हे तिने लपवलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण रूपाली विमा एजंट. चांगली गोष्ट स्वतःपाशी ठेवणं तिच्या धंद्यात बसत नव्हतं. ओवीच्या बारशाला ती सगळ्या बायकांना सांगत सुटली, "हळद नको, दूध नको, बेसन नको. निळ्या दुपट्यात ठेवा, पोर बघा कशी केतकीसारखी निघते." प्रत्येक बाईने आपल्या लेकीच्या नाहीतर सुनेच्या पोटाकडे एकदा बघून घेतलं. दोन-तीन वर्षांत अशी तऱ्हा झाली की बारशाला मामा कुंची, झबलं आणि वाळे घेऊन आला तर बायका त्याच्या पिशवीत आणखी डोकावायच्या. निळं दुपटं नसेल तर मामाची इज्जत तिथेच पाळण्याखाली जायची. ज्यांना कावीळ झालीच नव्हती अशीही बाळं त्या उजेडात निजली. पोरं गोरी झाली का? आईबापांवर गेली, दुसरं काय होणार!

मग ठसा आला.

परदेशात कुणीतरी एक स्वस्त चाचणी काढली. निळा उजेड, ते पिवळं द्रव्य आणि प्राणवायू हे तिघं एकत्र आले की काही तापट रेणू तयार होतात. पेशीच्या आत डीएनएचा जो लांबलचक धागा असतो, ज्यावर आपलं नाकडोळे-रंगरूप लिहिलेलं असतं, त्याला हे रेणू ओरखडे काढतात. पेशी गप्प बसत नाही, ती रफू करते. रफू बहुतेक वेळा बरोबर होतं. कधी चुकतं, आणि चुकण्याची एक ठराविक तऱ्हा असते. ती तऱ्हा शोधली की कळतं, हा माणूस बाळपणी उजेडाखाली होता, आणि साधारण किती. त्यालाच लोक ठसा म्हणायला लागले. त्या चाचणीच्या अहवालात पुढे होतं की ठसा गडद असलेल्या मुलांत रक्ताचा कर्करोग किंचित जास्त दिसतो. दहा हजारांत एखादं मूल जास्त, बहुधा.

बहुधा हा शब्द करंजवण्यात कुणी वाचला नाही.

लग्नाच्या स्थळांवर नवीन ओळ आली: वर्ण गोरा, ठसा कोरा. ज्या मुली आदल्या वर्षापर्यंत गोऱ्या म्हणून भाव खात होत्या त्या एका रात्रीत निळ्या झाल्या. एका साखरपुड्यात मुलीकडच्यांनी अहवाल लपवला म्हणून मांडवातच खुर्च्या उडाल्या. नवऱ्यामुलाच्या काकांचे पुढचे दात सनईवाल्याच्या पायाशी सापडले. ठसा पुढच्या पिढीत उतरतो अशी आवई उठली. बालरोगतज्ज्ञ डॉक्टर केतकी वाघमोडे बायकांना घसा फोडून सांगत होत्या, "तो कातडीत आणि रक्तात असतो. बीजात गेल्याचा पुरावा नाही." कुणीतरी विचारायचं, "म्हणजे नक्की जात नाही?" डॉक्टर प्रामाणिक होत्या. त्या म्हणायच्या, "आजपर्यंत दिसलेलं नाही." या उत्तराने एकही लग्न जमलं नाही.

ओवीचं जमलं ते शौर्यमुळे. तो जन्मला त्या वर्षीच्या निम्म्या पोरांची नावं शौर्य, रुद्र नाहीतर स्वराज ठेवली होती, त्यामुळे नावावर जाऊ नये. हा शौर्य घाडगे मांजर आडवी आली तर तिला आधी जाऊ द्यायचा. पण ओवीसाठी तो जेवणावरून उठला तो चार दिवस बसलाच नाही, आणि थोरल्या भावाने, राजवीरने, हात टेकले. बाप नव्हता, राजवीरच घराचा कर्ता. ट्रकच्या बॉड्या बांधायचा त्यांचा कारखाना होता. आणि घाडगे सगळे कोरे. पूर्वी ते नदीपलीकडच्या वाडीत राहायचे, तिथे दवाखाना कसला न् दुपटं कसलं. गरिबीत दिवा मिळाला नाही, त्याचं आता घराणं झालं होतं. त्याच वाडीत त्यांची धाकटी बहीण जन्मली, पिवळी पडली आणि उजेडाविना तशीच राहिली; ती बहिरी झाली, हातपाय पिळवटले, अजून ओट्यावर बसून असते. पण तिला कुणी ठशाच्या खात्यात धरत नव्हतं. ती देवाची करणी होती.

मग गेल्या वर्षी राजवीरची चार वर्षांची स्वरा रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिला जन्मल्यावर कावीळ झाली होती. दोन दिवस निळं दुपटं लावलं होतं, डॉक्टर वाघमोड्यांनीच दिलेलं.

तेराव्यानंतर राजवीर दवाखान्यात गेला. बसला नाही.

"मॅडम, एकच सांगा. दिव्यानं झालं का?"

"सांगता येत नाही, राजवीर. ज्यांना कधीच उजेड दिला नाही अशा मुलांनाही हा आजार होतो."

"हो म्हणा नाहीतर नाही म्हणा."

"खोटं कसं सांगू? झालंही असेल, नसेलही."

राजवीरने टेबल उलटवलं. डॉक्टरांची दोन बोटं त्याच्या कडेखाली सापडून मोडली. दुसऱ्या दिवशी कारखान्यातली पोरं, साखरपुडे मोडलेल्या मुलींचे भाऊ, आणि ज्यांचं काहीच बिघडलं नव्हतं असे बरेच जण बाहेर पडले. पहिला दगड आमटीत पडला तो त्या दिवशी. पुढचे दवाखान्यावर. डॉक्टरांची गाडी जाळली, निळे दिवे रस्त्यावर आणून ट्रॅक्टरखाली घातले. संध्याकाळी चौकातल्या डांबरावर निळी काच पसरली होती. त्यातून अनवाणी चाललेल्या एका बाईचा पाय फाटला, ती शिव्या देत गेली, दिव्यांना.

सात दिव्यांतले दोन वाचले.

ओवीचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी आलं. सासर आणि माहेर एकाच गावात, मध्ये जेमतेम तीन गल्ल्या, तरी सातव्या महिन्यात ओवी माहेरी आली. पहिली खेप माहेरची, आणि सव्वा महिना जावई आला तरी पाहुण्यासारखा. सासरचे थोरले तर तोवर बाळंतिणीच्या खोलीचा उंबराही ओलांडत नाहीत. त्या सव्वा महिन्यात बाळाला काय पाजलं, काय लावलं, कसं निजवलं, हे पुरुषांना कधीच कळत नाही, आणि तेही विचारत नाहीत.

दवाखान्यात मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो पिवळा होता. डोळ्यांची बुबुळं सोडून बाकी सगळं आंबेहळदीसारखं.

"इतक्या लवकर म्हणजे साधी कावीळ नाही," डॉक्टर वाघमोडे म्हणाल्या. वाकडी जुळलेली दोन बोटं त्यांनी खिशात ठेवायची सवय केली होती. "ओवीचा रक्तगट ओ, बाळाचा बी. आईच्या रक्तातून आलेली द्रव्यं बाळाच्या तांबड्या पेशी फोडतायत. पिवळं द्रव्य तासातासाला वाढतंय."

"आणि वाढलं तर?" ओवीने विचारलं.

"मेंदूत शिरेल. मग ते परत काढता येत नाही."

ओवीने बाळाकडे पाहिलं. नंतर आईकडे. "आई, याला पण ठसा लागणार ना? माझ्यासारखा?"

"लागेल," रूपाली म्हणाली.

"तू तरी नाही म्हण की गं!"

"लागेल म्हटलं ना. तू त्या ठशानिशी चोवीस वर्षं माझ्याशी भांडतेयस. त्यालाही भांडू दे." मग डॉक्टरांना, "लावा."

"ओवीने सांगायला हवं."

"लावा," ओवी म्हणाली आणि रडायला लागली.

हे सगळं पंधरा मिनिटांत मिटलं असतं. पण शौर्य बाहेर बाकावर बसला होता, आणि शौर्य चपला घ्यायच्या झाल्या तरी भावाला विचारायचा. त्याने फोन लावला. "दादा, बाळाला दिवा लावतायत. लावू दे ना?"

राजवीर चार माणसं घेऊन आला. हातात कारखान्यातला घण. ॲम्ब्युलन्सची चाकं त्यांनी येता येताच फाडली.

नवजात बाळांच्या खोलीच्या दारात रूपाली उभी राहिली. "राजवीर, बाळंतिणीची खोली आहे. सव्वा महिना लेक माझी आणि नातूही माझा. तू बारशाला ये."

"सरका काकू."

"रीत तरी पाळ."

"रीत?" राजवीर म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "एक पोर रीतीनंच दिलं मी. माहेरी गेली, सव्वा महिन्यानं आली, चार वर्षांनी तिरडीवर ठेवली. भावाचं पोर नाही देणार."

"दिवा नाही लावला तर हे पोर जाईल रे! नाहीतर तुझ्या बहिणीसारखं ओट्यावर बसेल. ती अशी का झाली, कधी विचारलंस?"

"ती देवाची करणी."

"उजेडानं झालं तर माणसाचं पाप, आणि अंधारानं झालं तर देवाची करणी, होय? दिवसभर वेल्डिंगच्या निळ्या ठिणगीखाली काम करतोस, तिथं नाही भीती वाटत!"

राजवीरने तिला एका हाताने बाजूला केलं, दाराचा पडदा बाजूला करतात तसं. तिचं डोकं चौकटीवर आपटलं. आत नर्सने बाळाला दिव्याखालून उचलून ओवीच्या छातीशी दाबलं तोवर घण खाली आला. दिव्याचा सांगाडा वाकला, काच सगळीकडे उडाली. नर्स हात मध्ये घालायला गेली. दुसऱ्या घावाचा दांडा तिच्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू आला. ओवी बाळावर वाकून किंचाळत होती. तिच्या मानेत काच घुसली होती, रक्त बाळाच्या टाळूवर ठिबकत होतं. डॉक्टर मध्ये पडल्या; राजवीरच्या माणसांतल्या एकाने त्यांना केसांना धरून भिंतीवर ढकललं. शौर्य दारात उभा राहून "दादा, दादा" करत होता, जणू कुणी दुसराच माणूस हे करतोय आणि दादाला बोलावलं की तो थांबवेल.

"दुसरा कुठाय?" राजवीरने विचारलं. "दोन होते."

दुसरा दिवा आतल्या बाळंतपणाच्या खोलीत होता, बोळाच्या टोकाला. राजवीर बोळात जाऊन उभा राहिला. तिथे चार दारं होती. त्याने पहिलं लाथेने उघडलं. औषधांची कपाटं. ती त्याने आडवी केली.

डॉक्टर रूपालीच्या कानाशी म्हणाल्या, "शहर दोन तासांवर, आणि आता गाडीही नाही. तेवढा वेळ उजेडाशिवाय नको. काहीही करून तो दिवा पाहिजे." त्यांच्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं. "मी त्याला पुन्हा समजावते."

"तुम्ही नका," रूपाली म्हणाली. "तुम्ही खरं बोलता."

तीस वर्षं विमा विकून रूपालीला एक कळलं होतं. माणसाला शक्यता विकता येत नाही. दहा हजारांत एक, लाखात तीन, असलं गिऱ्हाईक ऐकतच नाही. त्याला खात्री लागते. चांगली मिळाली तर चांगली, नाहीतर वाईट चालते. राजवीर वर्षभर दारोदार एकच वस्तू मागत फिरत होता आणि गावात ती कुणाकडे नव्हती.

तिने ओवीच्या पाठीवर हात ठेवला, डॉक्टरांना डोळ्यांनी बोळ दाखवला, आणि मागच्या अंगणाच्या दाराकडे चालत जाऊन तिथून हाक मारली.

"राजवीर! दिवे काय फोडतोस? तुझ्या स्वराला दुपटं मी ठेवायला लावलं!"

तो थांबला. घण खांद्यावरून खाली आला.

"काय?"

"डॉक्टर म्हणाल्या होत्या दोन दिवस. मी तुझ्या सासरी गेले, गल्ली एकच ना आमची. तुझ्या बायकोला म्हटलं, सायली, पोर सावळी आहे, ठेव अजून. पंधरा दिवस ठेवायला लावलं. रोज जाऊन बघत होते." ती मागे मागे सरकत अंगणात गेली. "तू सव्वा महिना आला नाहीस. तुला कुठलं कळणार? दिव्यानं नाही मेली तुझी पोर. माझ्यानं मेली. खात्रीनं सांगते."

राजवीर तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर काहीतरी सुटलं, गाठ सुटते तसं. रूपालीने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही, पण त्या क्षणी तिला वाटलं की हा आता रडेल.

तो रडला नाही. त्याने घण टाकला, हे तिचं नशीब. मुठीचा पहिला ठोसा जबड्यावर बसला. ती धुण्याच्या दगडावर पडली. मग लाथा आल्या, बरगडीत, खांद्यात, पोटात. त्याची माणसंही बोळ सोडून अंगणात आली होती. असला तमाशा आतून दिसत नाही. रूपालीने पदर तोंडात धरला नाही. ती बोलत राहिली. गिऱ्हाईक उठायला लागलं की बोलत राहायचं, हे तिचं तंत्र. "माझी ओवी गोरी झाली ना, तशीच, तशीच म्हटलं... तुझी बायको नको म्हणत होती... मीच..." जबडा तुटला तेव्हा शब्द संपले, मग ती नुसता आवाज करत राहिली. तोंडातून दात आणि रक्त एकत्र येत होतं. धुण्याच्या पाण्याच्या मोरीत ते हळूहळू वाहत गेलं.

आत बोळाच्या टोकाला डॉक्टर आणि ओवी बाळाला घेऊन खोलीत शिरल्या. लोखंडी कॉट दाराला लावली. आणि शौर्य, ज्याला कुणी हिशेबात धरलंच नव्हतं, तो बाहेर राहिला. अंगणातला आवाज थांबला तसा राजवीर परत आला, हात कोपरापर्यंत लाल, पुन्हा घण उचललेला. दाराच्या फटीतून निळा उजेड फरशीवर पडला होता. दाराला पाठ लावून शौर्य उभा होता. भीतीने त्याची पँट ओली झाली होती आणि तो हलत नव्हता.

"बाजूला हो."

"दादा, आता मला मार."

राजवीरने घण उगारला. मग बराच वेळ तो तसाच धरून उभा राहिला. शेवटी घण त्याच्या हातातून फरशीवर पडला, फरशी तडकली. तो तिथेच खाली बसला. पोलीस आले तेव्हाही तो तिथेच होता, आणि त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होता, "कळलं. आता कळलं. काकूनं केलं."

बाळाचं पिवळेपण उतरायला तीन दिवस लागले. शहरातून नवा दिवा आला, पहारा आला.

रूपालीच्या चार बरगड्या, खांद्याचं हाड आणि जबडा. जबडा तारेने बांधून टाकला. आयुष्यभर जिने तोंडाने पोट भरलं तिला आता नळीने पेज. गावाने ऐकलं आणि बहुतेकांना बरं वाटलं. एक दोषी सापडला होता, आणि तोही बांधलेल्या तोंडाचा. डॉक्टर वाघमोडे तपासायला आल्या की एकच प्रश्न विचारायच्या. "तुम्ही असं का सांगितलंत? मी दिलेलं दुपटं होतं ते, दोन दिवसांसाठी. तुम्ही पंधरा दिवस ठेवायला लावलं?" रूपाली छताकडे बघायची.

चौथ्या दिवशी दुपारी राजवीरची बायको सायली आली. दार लावून घेतलं, उशाशी उभी राहिली.

"काकू, तुम्ही आमच्याकडे आलाच नव्हता."

रूपालीने तिच्याकडे पाहिलं.

"ठशाची बातमी आल्यापासून तुम्ही कुणाच्या बाळंतिणीकडं जातच नव्हता. लोकच तुम्हाला उंबऱ्यावरनं परत पाठवायचे. माझी आई आजारी, घरात मी एकटी." सायलीने चादरीचं टोक बोटांनी घट्ट पिळलं. "दोनाचे पाच दिवस मी केले. गोरी करायची म्हणून नव्हे हो. ती त्यात झोपायची. रडायची नाही. मलाही झोप लागायची. पाच दिवस मी झोपले, काकू. त्यानं मेली का ती?"

रूपालीने मान हलवली. नाही. मग थांबली, कारण तिलाही माहीत नव्हतं. पण नाहीच राहू दिलं.

"त्यांनी मला वर्षभर विचारलं. माहेरी काय झालं, काय झालं. मी म्हणायचे, काही नाही. एके दिवशी मानेवर हात होता, विचारताना. परवा कोठडीत भेटायला गेले तर म्हणाले, सायली, तुला उगाच छळलं. पहिल्यांदा झोप लागली म्हणाले." ती खाली वाकली. "तुम्ही शुद्धीवर आलात असं कळलं आणि तशीच धावत आले. म्हटलं, आता काकू खरं सांगतील. ते जामिनावर सुटतील. मग त्यांच्या संशयाला पुन्हा दोघीच उरतो हो, मी आणि डॉक्टरबाई. आणि दवाखान्यात रोज कुणाचं ना कुणाचं पिवळं पोर येतंय."

दार वाजलं. ओवी होती. मानेला पट्टी, छातीशी बाळ. तिने जावेकडे पाहिलं, मग आईकडे.

"बरं झालं दोघी आहात," ती म्हणाली. "आई, मला एकदाच सांग. ते तू त्याला बाहेर न्यायला म्हणालीस ना? खोटंच ना ते?"

सायलीने डोळे मिटले.

"माझं ठीक आहे," ओवी म्हणाली. "मला गोरी करायला ठेवलंस, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पण स्वराच्या वेळी तुला माहीत होतं. अहवाल येऊन वर्ष झालं होतं. माहीत असून तू असं केलं नाहीस ना? मान हलव नुसती."

रूपालीच्या मनात काय बेरीज-वजाबाकी झाली कोण जाणे. गिऱ्हाईक ओळखायला तिला आयुष्यात कधी इतका वेळ लागला नव्हता. एका बाजूला ही मिटलेल्या डोळ्यांची पोर. दुसऱ्या बाजूला आपली.

तिने मान हलवली. वर-खाली, दोनदा. केलं.

ओवीने खाटेच्या कोपऱ्यातली पिशवी उचलली, बाळाची दोन लंगोटं भरली. "सव्वा महिना तुझ्याकडं नाही राहणार मी," ती म्हणाली. "शौर्य खोली बघतोय वेगळी." आणि गेली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज उतरत गेला.

सायली खाटेच्या कडेवर बसली होती, हात मांडीत. रूपाली काहीतरी बोलत होती. तारेमागून नुसता घोगरा आवाज. सायलीने कान जवळ नेला. "काय काकू? पाणी? दुखतंय?"

रूपालीने बऱ्या हाताचं बोट खुर्चीकडे केलं. खुर्चीवर बाळाची कुंची राहिली होती. बाहेर दुपारचं ऊन रणरणत होतं.

"मी?" सायली म्हणाली. स्वरा गेल्यापासून तिने कुणाचं मूल हातात घेतलं नव्हतं. लोकही पुढे करत नव्हते.

रूपालीने बोट तसंच ठेवलं.

सायलीने कुंची उचलली आणि धावत गेली. रूपालीला उठता येत नव्हतं, खिडकी तिच्या डोक्यामागे होती. खालून सायलीची हाक ऐकू आली, "ओवी, थांब गं!" मग चपला थांबल्याचा आवाज. मग काहीच नाही, इतका वेळ काहीच नाही की रूपालीने श्वास धरला आणि बरगड्यांत सुरी फिरल्यासारखं झालं.

मग खाली ओवी म्हणाली, "धरा वहिनी जरा. मला एका हातानं बांधता येत नाही."